रिकामा चिखल

८ जानेवारी २०२५, बुधवार

आज पहिला वर्ग झाला. दुपारी दीड ते पावणेतीन. केनियात तेव्हा सकाळचे अकरा. घड्याळातला फरक अडीच तासांचा, पण देवेशच्या खारघरच्या ऑफिसातल्या पोरांनी निमंत्रणात तीन तास धरले होते. सगळे पदवीधर. मी दुरुस्ती करून पाठवली तेव्हा देवेश म्हणाला, "काका, तुम्ही नसता तर अर्धा तास रिकाम्या स्क्रीनला नमस्कार करत बसलो असतो."

त्याने माझी ओळख 'डॉक्टर कमलाकर' अशी करून दिली. मी तिथल्या तिथे अडवलं. डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही, बारावी नापास. बावीस वर्षं न्हावा शेवा बंदरावर कंटेनरचे नंबर टिपले. चार अक्षरं, सात आकडे. एक आकडा चुकला की माल भलत्या देशात. बावीस वर्षांत माझे तीन चुकले, तिन्ही अजून तोंडपाठ आहेत. खारफुटी मी मांडीपर्यंत चिखलात उतरून शिकलो आणि इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. पनवेलच्या खाडीत साडेचार एकर कांदळवन आज उभं आहे ते मी लावलेलं. म्हणून तर आफ्रिकेतल्या गावांना शिकवायला माणूस हवा होता तेव्हा देवेशची संस्था विद्यापीठात गेली नाही, विचुंब्याला माझ्या घरी आली.

गावाचं नाव म्टोपेपो. पत्र्याच्या छपराची शाळा, पाठीमागे नारळ. सतरा बायका, चार पुरुष. ओमारी नावाचा शाळामास्तर माझं इंग्रजी त्यांच्या स्वाहिलीत सांगतो. माझं इंग्रजी बंदरावरचं, पण त्याला कळतं. पुढच्या बाकावर एक पन्नाशीची बाई बसली होती, पिवळं फडकं डोक्याला बांधलेलं. तिला ओमारीने विचारलं, समजलं का? ती म्हणाली, समजलं. पण हा माणूस बोलताना हसत का नाही?

सगळे हसले. तिचं नाव म्वानाईशा. हजेरीपटात अकरावा क्रमांक.

१४ जानेवारी, मंगळवार

प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ काढायला खाडीवर गेलो. स्कूटर पुलाखाली लावली. वर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग, त्यामुळे आवाजाचं रेकॉर्डिंग चार वेळा करावं लागलं.

काठावर गंगाबाई भेटली. कोळीवाड्यातली सगळ्यांत जुनी बाई, सत्तरीच्या पुढची. मला 'मास्तर' म्हणते, ते कौतुकाने नाही.

"काय मास्तर, आता कोनाच्या दारात झाडं लावताव?"

मी म्हटलं, आफ्रिकेत.

"आरं देवा. तितं पन चिखल हाय?"

"आहे. आपल्यापेक्षा जास्त."

"मंग तितल्या बायांचा काय खरा नाय," असं म्हणून ती पाटी उचलून निघाली.

तिचा राग जुना आहे. सात वर्षांपूर्वी मी लागवड केली ती जागा म्हणजे नुसता उघडा चिखल होता. ओहोटीला या बायका तिथे खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या, निवट्या मासे धरायच्या. आता झाडीत पाऊल टाकायला जागा नाही, ही तिची तक्रार. पण झाडीमुळे किनारा वाचतो, माशांची पिल्लं वाढतात, हे मी तिला आकृती काढून दाखवलं होतं. आकृती तिने उलटी धरली होती.

व्हिडिओ उत्तम झाला. शेंग, म्हणजे खारफुटीचं लांबट बी, किती खोल खोचायची हे बोटाच्या पेराने मोजून दाखवलं. एक तृतीयांश. जास्त नाही, कमी नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज जागा ठरवली. ओमारीने गावाचा उपग्रहावरून काढलेला फोटो पडद्यावर दाखवला. जुनं कांदळवन गावाच्या उत्तरेला. बरंच तोडलेलं, कोळशासाठी आणि घराच्या वाशांसाठी. मी विचारलं तोडलेल्या जागी का नाही लावायचं. ओमारी म्हणाला, तिथे जमिनीची मालकी कोर्टात आहे, संस्थेला परवानगी मिळणार नाही. मग मी गावासमोरचा पट्टा दाखवला. सपाट, उघडा, भरतीला बुडणारा, ओहोटीला मैलभर पसरलेला. आपल्याकडे सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराब' लिहितात. म्हणजे जिथे काहीच पिकत नाही.

मी म्हटलं, ही जागा रिकामी आहे. इथे लावू.

म्वानाईशाने हात वर केला. बराच वेळ बोलली. पडद्याजवळ येऊन त्या पट्ट्यावर हाताचा पंजा ठेवला आणि एक शब्द दोनदा म्हणाली: जिको. बाकीच्या बायका माना हलवत होत्या. ओमारीने एवढंच सांगितलं, "सर, ती म्हणते ही जागा रिकामी नाही. हे आमचं जिको आहे. जिको म्हणजे किचन."

हे महत्त्वाचं होतं, बरं झालं आधी कळलं. मी लगेच विचारलं, रोज चूल पेटवतात का? ओमारी म्हणाला, "सर, तसं नाही... पण हो, किचन."

आतून बायको, सुमती, म्हणाली, "अहो, चिखलात स्वयंपाक कोण करील?"

मी म्हटलं, तुला तिथलं काय माहीत. मला तरी काय माहीत, असं ती म्हणाली आणि मिक्सर सुरू केला.

नियम क्र. ७ लिहून पाठवला: 'लागवडीच्या क्षेत्रात व त्यापासून पन्नास मीटरपर्यंत विस्तव पेटवू नये. स्वयंपाकासाठी गावाने दुसरी जागा नेमावी.' स्थानिक चालीरीतींची दखल घ्यावी लागते, नाहीतर प्रकल्प फसतात. पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं आणि लिहिणारेच ते विसरतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चौदा हजार शेंगा लागल्या. चार दिवस. मीटर सोडून मीटर, ओळीला दोरी, साडेतीन एकर. ओमारीने फोन हातात धरून सगळ्या ओळींतून फिरवला, मी इथे जेवणाच्या टेबलावर बसून पाहिलं. नववी ओळ वाकडी होती, परत लावायला लावली. बायका दमल्या होत्या पण माझ्यासमोर परत लावली. रोजंदारी संस्थेने वेळेवर दिली, त्यामुळे कुरकुर नाही.

म्वानाईशा चांगली लावते. तिचा हात न मोजता एक तृतीयांशावर थांबतो. मी ओमारीला सांगितलं, तिला सांग, ती गटप्रमुख. तिने काहीतरी उत्तर दिलं. ओमारी म्हणाला, "सर, ती म्हणते, तिला या चिखलातला प्रत्येक खड्डा माहीत आहे, म्हणून."

हीच ती स्थानिक ज्ञानाची जोड. वहीत अधोरेखित केलं.

५ मार्च, बुधवार

पहिली मोजणी. मन खट्टू झालं.

फोटो मोठे करून पाहिले, घरच्या टीव्हीला जोडून. तिसऱ्या ते बाराव्या ओळीपर्यंत पायांचे ठसे. अनवाणी, लहान, म्हणजे बायकांचे. शेंगांच्या मधे चिखल उकरलेला. दोनशे छत्तीस शेंगा आडव्या. मी वर्गात फोटो लावला आणि विचारलं, हे कोणाचं काम? हजार माणसांसमोर बोलतात तसा बोललो, आवाज चढला. पाय जमिनीतून काढताना मुळाला धक्का लागतो हे पाचव्या वर्गात शिकवलेलं आहे.

देवेशला फोन केला. म्हटलं, दोरीचं कुंपण आणि राखणदार. नुसतं शिकवून भागत नाही.

"काका, बजेटमध्ये बसवतो. पैसे देणाऱ्यांना जगण्याचं प्रमाण नव्वद टक्के हवंय, ते आलं की पुढच्या तीन गावांचं काम पक्कं. म्हणजे तुमचंही."

"माझ्यासाठी नाही सांगत."

"माहीत आहे हो. तुम्ही म्हणाल तसं."

तर अकरा राखणदार नेमले, गावातलेच पुरुष, पाळीपाळीने. काठाला दोरी. त्यांच्याकडे हा रमजानचा महिना, उपास चालू आहेत, पण राखण बसायचं काम आहे, जमेल.

१९ मार्च, बुधवार

म्वानाईशाने विचारलं, ही दोरी किती दिवस?

मी म्हटलं, पाच वर्षं. रोप खांद्याएवढं झालं पाहिजे.

ती हसली. तोंडावर हात ठेवून नाही, मोकळं हसली, आणि काहीतरी म्हणाली. सगळ्या बायका हसल्या, पण विनोदाला हसतात तसं नाही. हसून गप्प झाल्या. ओमारीला विचारलं काय म्हणाली. म्हणाला, "विनोद होता सर. भाषांतर होत नाही."

मी आग्रह धरला. भाषांतर होत नाही असं काही नसतं.

"ती म्हणाली, झाडाचा खांदा येईपर्यंत आमचा जाईल."

नोंद करून ठेवतो. तिथल्या लोकांत विनोदबुद्धी चांगली आहे, पण काळाची जाण कमी.

२ एप्रिल, बुधवार

ठसे शून्य. दोन हजार फोटो पाहिले, एकही ठसा नाही. डोळे चुरचुरतात पण समाधान आहे. पंच्याण्णव टक्के जगलेत.

एक सुंदर फोटो मिळाला, अहवालाच्या मुखपृष्ठावर चालेल. पुढे आपल्या शेंगांच्या ओळी, प्रत्येकीला दोन दोन पानं. मागे पाण्याचा मोठा ओहोळ. आणि त्याच्याही पलीकडे, पार समुद्राच्या कडेला, वाळूचा दांडा. दांड्यावर रंगीत ठिपके. मोठं करून पाहिलं तर बायका, वाकलेल्या. नऊ मोजल्या. ओमारी म्हणाला आता शिंपल्या वेचायला तिकडे जातात. ओहोळ उतरून जावं लागतं, ओहोटी पुरती लागली की. म्हणजे पर्याय होताच. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो, थोडं लांब चालायची तयारी पाहिजे.

सुमतीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "एवढ्या लांब? आणि पाणी परत आलं की?"

मी म्हटलं, समुद्राकाठची माणसं आहेत ती. भरती त्यांना शिकवायची गरज नाही.

१६ एप्रिल, बुधवार

वर्ग अकरावा. हजर तेरा. अ. क्र. ११ गैरहजर. गटप्रमुखच गैरहजर म्हणजे वर्गाचा कणा गेला. बायका फडकी पुढे ओढून बसल्या होत्या, एकही प्रश्न नाही. ईद होऊन पंधरा दिवस झाले, म्हणजे सणाचंही कारण नाही.

ओमारीला विचारलं म्वानाईशा कुठे. आवाज तुटत होता. म्हणाला, "ती गेली, सर. रविवारी."

मी म्हटलं, निदान सांगून जायचं होतं.

नेटवर्क गेलं असावं, ओमारीचा चेहरा हलत नव्हता.

१७ एप्रिल, गुरुवार

देवेशला लेखी कळवलं: अ. क्र. ११ यांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला आहे. पूर्वसूचना नाही. त्यांच्या जागी दुसरी गटप्रमुख नेमावी. जाताना प्रशिक्षणार्थींनी कारण लेखी द्यावं असा नियम पुढच्या गावांसाठी करावा. वाईट वाटलं. कारण तिचा हात चांगला होता.

देवेशचं उत्तर आलं: 'ओके काका. नोटेड.'

२४ एप्रिल, गुरुवार

लिहायला बसलो आहे पण तारीख दोनदा चुकली.

देवेश घरी आला होता, अहवालाचा नमुना घेऊन. बोलता बोलता मी म्हटलं, ती अकरा नंबरची बाई अशी निघून गेली, फार खटकलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"काका... ती वारली ना. तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं ते पत्र म्हणजे तुमची फॉर्मॅलिटी."

मी विचारलं, कशाने?

"त्या लांबच्या दांड्यावर गेल्या होत्या. ओहोळात पाणी भरलं. सात जणी पोहून आल्या. ही आणि आणखी एक, दोघी नाही आल्या. वाईट झालं. पण आपल्या क्षेत्राच्या बाहेर झालं, काका. प्रोजेक्टशी संबंध नाही. ते मी ओमारीकडून लेखी घेतलंय."

"कधी घेतलंस?"

"चौदा तारखेलाच."

तेरा तारीख, रविवार. आदल्या दिवशी हनुमान जयंती होती, म्हणजे चैत्र पौर्णिमा. म्हणजे उधाण. उधाणाला ओहोटी लांबवर जाते म्हणून त्या लांब गेल्या, आणि उधाणाचंच पाणी परत येतं ते असं. हे मला कळतं. हे मला सोळा तारखेला कळायला हवं होतं. दोन एप्रिललाच कळायला हवं होतं.

सुमती दारात उभी होती. देवेश गेल्यावर तिने कप उचलले. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरीचं नाव देवेशला माहीत नव्हतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

खाडीवर गेलो. व्हिडिओसाठी नाही. गंगाबाई घराच्या ओट्यावर बोंबील निवडत होती, बाजारातून आणलेले. तिची सून भावना खारघरच्या टॉवरमध्ये घरकामाला जाते, ती नुकतीच परतली होती, पाय सोडून बसली होती.

गंगाबाईला विचारलं, मी झाडं लावल्यावर तुम्ही खुबे कुठे वेचायला जात होतात?

"आता सात वर्सानी इचारता?"

"हो."

"पल्याडच्या दांड्यावर. मचव्यानी सोडायचा पोरगा, घ्यायला यायचा. येक दिस इंजन बंद परला त्याचा. भावनीच्या छातीला पानी लागला. ही बगा बसलीय. इचारा तिला."

भावनाने मान हलवली. "पाटी सोडली मी काका, म्हणून वाचले. चार किलो खुबे होते. आई अजून बोलते त्या पाटीवरून."

"नवी पाटी व्हती," गंगाबाई म्हणाली. "त्याच्यानंतर जाना सोडला आमी. आता विकत घेताव, विकत खाताव."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

तिने हातातला बोंबील खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"सांगितला व्हता मास्तर. तुमच्या झाडाखाली उभी राहून सांगितला. तो चिखल आमची चूल हाय बोल्ली मी. तुमी फोटू काढत व्हता. मना बोल्ला, बाय जरा बाजूला व्हा."

तो फोटो माझ्याकडे आहे. घरी येऊन काढला. उजव्या कडेला एक कोपर आणि लुगड्याचा काठ. मी तो कापून वर्तमानपत्राला दिला होता.

चूल. जिको. ओमारीने किचन सांगितलं आणि मी विस्तव पेटवू नये असा नियम लिहिला. हे इथे लिहितो कारण दुसरीकडे लिहायला जागा नाही. नियम क्र. ७ सतरा बायकांना वाचून दाखवला गेला. त्यांनी ऐकून घेतला. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

२८ एप्रिल, सोमवार

ओमारीला थेट फोन लावला, देवेशला न सांगता. दुसरीचं नाव फातुमा. म्वानाईशाची नणंद. तिला पोहता येत होतं, म्वानाईशाला नव्हतं. फातुमा अर्ध्यातून परत फिरली तिला घ्यायला.

मी विचारलं, वर्गात त्या दिवशी तू मला समजावून का नाही सांगितलंस?

"सर, तुम्ही म्हणालात सांगून जायचं होतं. मला वाटलं तुमच्या देशात असं म्हणतात. मेलेल्या माणसाबद्दल."

असं म्हणतातच आमच्यात. मी त्या अर्थाने म्हटलं नव्हतं एवढंच. ते त्याला सांगितलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा वर्ग. प्रमाणपत्रं वाटायची होती. देवेश ऑफिसातून जोडलेला होता, पैसे देणाऱ्या संस्थेची एक बाई लंडनहून जोडलेली होती, पण तिचा कॅमेरा बंद.

मी काल दिवसभर बसून इंग्रजीत दहा वाक्यं लिहिली होती. डिक्शनरीत पाहून, तपासून. तीच वाचली. मी म्हटलं: मी चुकलो. जी जागा मी रिकामी म्हटली ती रिकामी नव्हती. तुम्ही सांगितलं होतं, मला समजलं नाही. म्वानाईशा आणि फातुमा त्या जागेवर असत्या तर आज इथे असत्या. दोरी काढा, रोपं उपटा. निदान गावाजवळचा अर्धा भाग मोकळा करा. चिखल तुमचा आहे. याचा दोष माझा आहे, तुमचा नाही, राखणदारांचा नाही. मी संस्थेला तसं लिहून देईन. मला क्षमा करा असं म्हणत नाही, फक्त उपटा.

कागद टेबलावर ठेवून वाचला.

ओमारीने माझ्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे. स्वाहिलीत बोलला. दहा वाक्यांना दोन वाक्यं. त्यानंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मागे दोन राखणदार होते, तेही. एकजणी पुढे येऊन पडद्याला हात लावून गेली, आशीर्वाद देतात तसा. देवेश म्हणाला, "ब्यूटिफुल, काका," आणि लंडनच्या बाईने टाळ्यांचं छोटं पिवळं चित्र पाठवलं. म्हणजे तिने इंग्रजी ऐकलंच नसावं, किंवा ऐकलं असावं.

सगळे गेल्यावर ओमारीला थांबवलं. विचारलं, काय सांगितलंस तू?

"सांगितलं, गुरुजींना दोघींचं फार दुःख झालंय. आणि तुमच्या कामावर खूश आहेत."

"मी हे म्हटलं नाही."

"सर." तो कॅमेऱ्याच्या जवळ आला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला, डोळ्याखाली सूज आहे. "अकरा घरांत राखणीचा पगार येतो. म्वानाईशाचा मुलगा त्यातला एक आहे. तुम्ही सांगता उपटा. उद्या दोरी काढली तर उद्या पगार बंद. चिखलात शिंपल्या परत यायला दोन पावसाळे. मधे काय खायचं ते तुमच्या दहा वाक्यांत नव्हतं."

नव्हतं. अकरावं वाक्य मी लिहिलं नव्हतं.

"आणि सर, मी तुमचं सगळं सांगितलं असतं तर मला आज याच लोकांच्या रागातून घरी चालत जावं लागलं असतं."

मी म्हटलं, ठीक आहे. म्हणालो की नाही ते आता आठवत नाही. त्याने हात हलवला आणि पडदा काळा झाला. त्यात मी दिसत होतो, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

३ मे, शनिवार

अहवालाचा नमुना भरला. देवेशच्या पोरांनी केलेला, सोपा आहे. गावाचं नाव. क्षेत्र. वर्गांची संख्या. 'स्थानिकांची हरकत' असा एक रकाना आहे, त्यात आधीच 'नाही' छापून ठेवलं होतं. ते खोडलं, 'होती' लिहिलं, तारीख बावीस जानेवारी टाकली. खाली दोन ओळींची जागा होती, त्यात मावेल तेवढं लिहिलं.

'पुढच्या तीन गावांसाठी प्रशिक्षक' इथे माझं नाव होतं. तेही खोडलं. सुमती शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "नोकरी गेल्यावर हे एकच तर होतं तुमचं." मी म्हटलं, हो. तिने पेनाचं टोपण उचलून माझ्या हातात दिलं, खाली पडलं होतं ते.

मग शेवटचा तक्ता. हा तक्ता महत्त्वाचा, पैसे याच्यावर सुटतात. ओमारीची मोजणी आणि माझी फोटोंवरची मोजणी जुळते.

लावलेली: १४,०००.
जिवंत: १२,७४०.
मृत: १,२६०.

बेरीज तीनदा केली. बरोबर आली. मग 'मृत'समोरचा आकडा खोडून १,२६२ लिहिलं आणि सही केली.

५ मे, सोमवार

सकाळी दहाला देवेशचा फोन. आवाजात गडबड होती, अहवाल बारापर्यंत जायचा होता.

"काका, हरकतीचं मी बघतो, ती भाषा थोडी सौम्य करतो. तुमच्या नावाचं नंतर बोलू, तुम्ही थकलायत. पण शेवटच्या तक्त्यात घोळ झालाय तुमचा. तुमच्याकडून पहिल्यांदाच. जिवंत आणि मृत मिळून चौदा हजार दोन होतात. दोन जास्त येतायत."

मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे.

"अहो नाही ना, कॉम्प्युटर लाल दाखवतोय."

"देवेश, बरोबर आहे. मोजून लिहिलंय."

तिकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मला वाटलं त्याला कळलं. मागे त्याच्या ऑफिसात कोणीतरी हसत होतं, चहावाला आला असावा.

"बरं, राहू दे, काका," तो म्हणाला, प्रेमाने म्हणाला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी केलंय दुरुस्त."